मानवी वैद्यकीय संशोधनातील संमती आणि तुलना : भायखळा ते उस्मानाबाद

१

वैद्यकीय संशोधनात माणसाचा उपयोग कोणत्या मर्यादेत करावा, या प्रश्नाचा इतिहास सांगण्याची एक ठराविक पद्धत आता रूढ झाली आहे. न्यूरेंबर्ग येथील न्यायालयाने १९४७ साली नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल देताना जी दहा तत्त्वे सांगितली, तेथून या इतिहासाचा प्रारंभ करावयाचा. १९६४ च्या हेलसिंकी घोषणेवरून आणि अमेरिकेतील टस्कीगी प्रकरणानंतर सिद्ध झालेल्या १९७९ च्या बेलमाँट अहवालावरून पुढे जावयाचे. आणि अखेरीस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांपाशी येऊन थांबावयाचे, असा हा क्रम आहे. विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांत तो आहे आणि नीतिसमित्यांच्या सदस्यांना जे प्रशिक्षण दिले जाते त्यातही तोच आहे. या मांडणीत सनावळीची चूक नाही. तिच्यातील दोष निराळा आहे. भारताला, विशेषतः महाराष्ट्राला, ती केवळ नियम स्वीकारणाऱ्याची भूमिका देते. प्रश्न युरोपात निर्माण झाला, उत्तरही तेथेच सापडले, आणि ते येथे यथावकाश पोहोचले, असा तिचा गर्भितार्थ निघतो.

वस्तुतः न्यूरेंबर्गच्या पन्नास वर्षे आधी मुंबई इलाख्यात हा प्रश्न संपूर्ण स्वरूपात उभा राहिला होता. तो प्रसंग नीट तपासला तर असे दिसते की, पुढील काळातील नियमावल्यांनी त्या प्रश्नाचा एकच अर्धा भाग सोडविला आणि दुसरा अर्धा भाग अद्याप शिल्लक आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच शिल्लक राहिलेला भाग होय.

२

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागातील आजार ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, असल्याचे निदान डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी केले. व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली वसईजवळच्या अर्नाळ्याचा. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, आणि मेट्रो चित्रपटगृहासमोरील त्यांचा पुतळा आजही तेथून जाणाऱ्यांना दिसतो. निदानानंतर थोड्याच दिवसांत पाश्चर संस्थेतून भारतात आलेले वाल्देमार हाफकिन यांना मुंबईस पाचारण करण्यात आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगप्रतिबंधक लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली. उरलेल्या कैद्यांशी तुलना करता लस घेतलेल्यांत रोगाचे व मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले.

या घटनेकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. एका दृष्टीला हाफकिन यांचे स्वतःवरील प्रयोगाचे धैर्य दिसते, तर दुसरीला परकीय सत्तेने कैद्यांच्या शरीराचा केलेला उपयोग दिसतो. दोन्ही दृष्टींत तथ्य आहे, परंतु दोन्ही अपुऱ्या आहेत. भायखळ्याचा प्रसंग महत्त्वाचा ठरतो तो त्यात दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे. पहिली गोष्ट अशी की, लस कोणी घ्यावयाची हे निदान रूपाने तरी कैद्यांच्या इच्छेवर सोपविले होते. दुसरी अशी की, लस न घेतलेल्या कैद्यांची गणना केल्यावाचून लसीचा गुण सिद्ध होण्यासारखा नव्हता. संमती आणि तुलना या दोन कल्पना येथे समोरासमोर आल्या, आणि त्यांचे परस्परांशी जमत नाही हेही लगेच उघड झाले. जो कैदी आपण होऊन पुढे येतो तो कदाचित अधिक सशक्त असेल, अधिक सावध असेल किंवा त्याची कोठडी अधिक स्वच्छ असेल. त्याची तुलना मागे राहिलेल्याशी केली तर फरक लसीचा की माणसाचा, हे सांगता येत नाही. इच्छेला मान दिला की गणित बिघडते, आणि गणित सांभाळावयाचे तर इच्छा बाजूस ठेवावी लागते.

हाफकिन यांना ही अडचण समजली होती, याचा पुरावा १८९८ साली बडोदे संस्थानातील उंढेरा गावी केलेल्या प्रयोगात मिळतो. तेथे प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या व्यक्तींना लस टोचण्यात आली आणि निम्म्यांना तशीच ठेवण्यात आले. एकाच घरातील, एकाच अन्नावर व एकाच हवेत राहणारी माणसे असल्यामुळे तुलना निर्दोष झाली. शास्त्रीय दृष्टीने हा भायखळ्यापेक्षा पुढचा टप्पा होता. नैतिक दृष्टीने मात्र येथे एक नवा प्रश्न जन्मास आला. ज्या वस्तूवर प्रयोगकर्त्याचा स्वतःचा विश्वास बसलेला आहे, इतका की ती त्याने स्वतःला टोचून घेतली आहे, ती वस्तू घरातील एका भावाला द्यावयाची आणि दुसऱ्याला द्यावयाची नाही, हे कोणत्या आधारावर? मागे राहिलेल्याचे देणे कोणाकडे लागते?

३

येथे ‘संमती’ या शब्दाचा मराठीतील पूर्वेतिहास ध्यानात घेणे अवश्य आहे. प्लेगच्या पाचच वर्षे आधी, १८९१ साली, संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ झाले होते. मुलीच्या संमतीची वयोमर्यादा दहावरून बारावर नेणाऱ्या या कायद्याचा टिळकांनी विरोध केला आणि आगरकरांनी पुरस्कार केला, हे सर्वश्रुत आहे. त्या वादाचा विचार बहुधा समाजसुधारणेच्या किंवा राजकारणाच्या अंगाने होतो. परंतु त्यातून मराठी विचारविश्वात एक कल्पना रुजली, ती अशी की, प्रत्येक होकार हा संमती नव्हे. ज्याच्या ठिकाणी नकार देण्याचे सामर्थ्य नाही त्याचा होकार कायद्याच्या दृष्टीने शून्य ठरू शकतो. कायद्याच्या विरोधकांनीही हे तत्त्व सर्वस्वी नाकारले नव्हते. त्यांचा मुख्य आक्षेप परकीय सरकारच्या अधिकाराला होता.

हे तत्त्व तुरुंगातील कैद्याला लावून पाहिले तर भायखळ्यातील ‘स्वेच्छा’ संशयास्पद ठरते. कैद्याला कोणी धमकावले असे मानण्याचे कारण नाही. परंतु ज्या भिंतीच्या आत प्लेग आहे आणि जिच्या बाहेर जाता येत नाही, तेथे लस घेणे व न घेणे हे दोनच मार्ग उरतात, आणि तिसरा मार्ग, म्हणजे तेथून निघून जाणे, हा बंद असतो. त्याच काळी तुरुंगाबाहेरच्या जनतेची स्थितीही पूर्ण स्वातंत्र्याची नव्हती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. घरझडती, विलगीकरण व रुग्णालयात सक्तीने नेणे यांच्या विरुद्ध असंतोष वाढत गेला आणि त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडसाहेबावरील गोळीबारात झाले. सरकारने लस मात्र सार्वत्रिक सक्तीची केली नाही. याचा परिणाम लक्षणीय आहे. सक्तीच्या उपायांनी माणसे पळाली. लशीसाठी मात्र समाजातील मान्यवरांना पुढे व्हावे लागले. तिसरे आगाखान यांनी लोकांसमक्ष स्वतःला लस टोचून घेतली आणि त्यामागून खोजा समाजातील पुष्कळ माणसे आली. येथे व्यक्तीची संमती होती की समाजाची, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आजच्या नियमावल्याही खेड्यातील प्रमुखांची मान्यता ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असे सांगतात, त्याचे मूळ अशा अनुभवांत आहे.

४

युरोपातील नियमांचा इतिहासही रूढ मांडणीपेक्षा जुना आहे. ब्रेस्लाव येथील आल्बर्ट नायसर यांनी उपदंशाच्या रुग्णांचा रक्तरस इतर स्त्रियांना त्यांच्या नकळत टोचला होता. ते प्रकरण उजेडात आल्यावर प्रशियाच्या सरकारने डिसेंबर १९०० मध्ये संमतीविना प्रयोग करण्यास मनाई करणारा आदेश काढला. १९३१ साली जर्मनीत याहून विस्तृत मार्गदर्शक नियम प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या देशातील डॉक्टरांवर न्यूरेंबर्ग येथे खटला चालला, त्या देशात त्या काळचे बहुधा सर्वांत प्रगत नियम अस्तित्वात होते. नियम लिहिला गेला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, या समजुतीला यापेक्षा कठोर उत्तर मिळणार नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीत जबाबदारीचा प्रश्न आणखी एका घटनेने पुढे आणला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी मुंबईत तयार झालेल्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ माणसांना धनुर्वात झाला व ती दगावली. दोष परळच्या प्रयोगशाळेचा की गावात बाटली उघडणाऱ्याच्या हलगर्जीपणाचा, यावर पाच वर्षे वाद चालला, आणि रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू मांडल्यावर १९०७ साली त्यांच्यावरील कलंक पुसला गेला. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. या प्रकरणाचे जवळजवळ सर्व वर्णन हाफकिन यांच्यावर झालेल्या अन्यायाचे आहे, आणि तो अन्याय खराच होता. परंतु त्या एकोणीस कुटुंबांचे काय झाले, हा प्रश्न त्या वर्णनात येत नाही. शास्त्रज्ञ निर्दोष ठरला की प्रकरण मिटले, अशी ही दृष्टी आहे. इजा झालेल्या माणसाला भरपाई मिळण्यासाठी कोणाचा तरी दोष सिद्ध व्हावा लागतो, ही जुनी समजूत भारतात कायद्याने मोडली ती २०१३ च्या नियमांनी, म्हणजे मलकोवालनंतर एकशेदहा वर्षांनी. औषधचाचण्यांतील मृत्यूंच्या संदर्भात ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेची पार्श्वभूमी त्याला होती.

५

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या दस्तऐवजांची नुसती शीर्षके क्रमाने वाचली तरी विचारातील बदल स्पष्ट होतो. न्या. हं. रा. खन्ना यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८० साली केलेल्या निवेदनात आणि २००० च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणूस हा संशोधनाचा ‘विषय’ आहे, आणि संशोधन त्याच्या‘वर’ केले जाते. २००६ च्या आवृत्तीत तो ‘सहभागी’ झाला, तथापि संशोधन अद्याप त्याच्या‘वर’च होते. २०१७ च्या आवृत्तीत हे अव्ययही गेले, आणि सहभागी व्यक्तींचा ‘समावेश असलेले’ संशोधन असा प्रयोग आला. सदतीस वर्षांत प्रथम नाम बदलले आणि मग विभक्ती बदलली. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु त्याची परीक्षा शब्दाच्या कसोटीवर न होता वस्तुस्थितीच्या कसोटीवर व्हावयास हवी. सहभागी तो, ज्याला प्रश्न विचारता येतो, मध्येच निघून जाता येते आणि निष्पन्नात वाटा मिळतो. या तीनांपैकी पहिल्या दोन गोष्टी संमतिपत्रात लिहिलेल्या असतात. तिसरी क्वचितच असते.

नावाच्या निवडीने नियमाला बगल कशी दिली जाते, याचे उदाहरण २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या उपक्रमाने दिले. त्याला ‘चाचणी’ न म्हणता ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ म्हटले गेले. आंध्रात अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० साली प्रकल्प थांबविण्यात आला. ते मृत्यू लशीमुळे झाले नसावेत असाच चौकशीचा निष्कर्ष होता. परंतु संमती घेण्याच्या पद्धतीतील दोष चौकशीने दाखविले, आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यांवर कडक ताशेरे ओढले. १८९१ च्या वादातून मराठी वाचकाला जे ठाऊक होते तेच येथे पुन्हा शिकावे लागले. दुसऱ्याने दिलेला होकार आणि दुर्बलाकडून घेतलेला होकार, हे दोन्ही तपासल्याविना ग्राह्य धरता येत नाहीत.

६

आता शिल्लक राहिलेल्या अर्ध्या भागाकडे वळावयाचे. १९९९ च्या सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीविषयी एक मोठा अभ्यास सुरू झाला. खेड्यांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार गटांत विभागणी करण्यात आली. तीन गटांना तीन निरनिराळ्या तपासण्या देण्यात आल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना तेव्हा उपलब्ध असलेली नेहमीचीच सेवा होती, म्हणजे नियमित तपासणी नव्हती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार विषाणूच्या तपासणीच्या गटात, ३४,१२६ स्त्रियांपैकी, या कर्करोगाने ३४ जणी दगावल्या, तुलनागटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हे जगाला या खेड्यांनी दाखवून दिले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत याच सुमारास झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सुमारे दीड लाख स्त्रियांची अशीच विभागणी होती, आणि साध्या डोळ्यांनी करावयाच्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले.

या अभ्यासांवर आक्षेप घेण्यात आला तो तुलनागटावरून. जी तपासणी पाश्चात्त्य देशांत कित्येक दशके रूढ होती आणि जिची उपयुक्तता ठाऊक होती, ती हजारो स्त्रियांना न देता त्यांच्यातील मृत्यू मोजत राहणे समर्थनीय आहे काय, असा तो आक्षेप होता. संशोधकांची बाजूही दुर्बळ नव्हती. भारतात राष्ट्रीय पातळीवर अशी तपासणी अस्तित्वातच नव्हती. म्हणून तुलनागटाकडून काहीही काढून घेतलेले नाही. ग्रामीण भारताला परवडेल अशा पद्धतीचा पुरावा हाती आल्याशिवाय कोणतेही सरकार पैसा खर्च करणार नाही, आणि तो पुरावा अन्य मार्गाने मिळाला नसता.

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या संस्थेने नवजात अर्भकांच्या घरच्या घरी काळजीविषयी केलेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही ३९ गावांना सेवा व ४७ गावे तुलनेसाठी, अशी रचना होती. त्या पद्धतीचा स्वीकार पुढे देशभरच्या ‘आशा’ कार्यक्रमात झाला. म्हणून तुलनागट हा स्वतःच अन्याय होय, असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. उंढेऱ्याच्या मागे राहिलेल्या भावाविना लसीचा गुण कळला नसता, आणि गडचिरोलीच्या ४७ गावांविना लाखो अर्भकांना ती सेवा पोहोचली नसती.

तथापि संशोधकांच्या युक्तिवादातील एक दुवा सैल आहे, आणि तो दाखविणे हे टीकेचे काम आहे. ‘येथे नेहमीची सेवा म्हणजे काहीही नाही’ हे वाक्य वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून खरे असले तरी ते कर्तव्याचे माप होऊ शकत नाही. तसे मानले तर जो जिल्हा जितका उपेक्षित, तितका तो संशोधनाला सोयीचा, असा विपरीत निष्कर्ष निघतो. हेलसिंकी घोषणेच्या २००० सालच्या आवृत्तीत तुलनागटाविषयी जो तीव्र वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच शंका होती. संमतीने ती सुटत नाही. तुलनागटातील स्त्रीने कागदावर अंगठा दिला असला, तरी आपल्या गावाला काय मिळावे हे ठरविण्याचा अधिकार तिला कधीच नव्हता. तो अधिकार तिच्या संमतीच्या आधीच, अर्थसंकल्पात, वापरला गेलेला होता.

यावरून निकष असा काढता येतो. तुलनागट न्याय्य ठरण्यास तीन गोष्टी लागतात. उपाय खरोखरच अनिश्चित असला पाहिजे. पुरावा पुरेसा होताच तुलनागटाला तो उपाय प्रथम मिळाला पाहिजे. आणि निष्कर्ष हाती आल्यावर त्याचा लाभ त्या भागाला कायमचा पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची, हे आरंभीच लिहून ठेवले पाहिजे. पहिली अट शास्त्रज्ञांच्या हाती आहे, आणि तपासणीच्या अभ्यासांवरील सर्व वाद तिच्याभोवती फिरला. तिसरी अट शासनाच्या हाती आहे, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली.

७

१९ मार्च २०१९ रोजी अमलात आलेल्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनी नीतिसमितीत किमान सात सदस्य, त्यांत निम्मे संस्थेबाहेरचे, एक सामान्य नागरिक आणि एक स्त्री, असे बंधन घातले. ज्या ठिकाणी स्वतःची समिती नाही तेथील चाचणीला त्याच शहरातील किंवा ५० किलोमीटरच्या आतील समितीची मान्यता चालते. कायद्याच्या या अंतराचा अर्थ वसई-विरार परिसरातून पाहिला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. विरारहून चर्चगेट रेल्वेने ६० किलोमीटर आहे. या परिसरातील रुग्ण मोठ्या आजारासाठी लोकलने परळला जातो, आणि तेथे हाफकिन संस्था, केईएम रुग्णालय व टाटा स्मारक रुग्णालय एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. सव्वाशे वर्षांचा हा सर्व इतिहास त्या एका उपनगरात सामावलेला आहे. परंतु त्या रुग्णाच्या घरची बोली सामवेदी, वाडवळी किंवा वारली असू शकते, आणि समितीतील ‘सामान्य नागरिक’ बहुधा महानगराचा असतो.

संमतिपत्राचे मराठी भाषांतर झाले म्हणजे भाषेचा प्रश्न सुटला, असे नियम मानतात. ‘यादृच्छिक विभागणी’ हा शब्द छापून प्रामाणिकपणा साधतो, अर्थ साधत नाही. ‘तुम्हाला औषध मिळेल की नाही हे चिठ्ठी टाकून ठरेल, डॉक्टरही ते ठरविणार नाहीत’ असे म्हटले तर अर्थ पोहोचतो, आणि पोहोचला की रुग्ण पुढचा प्रश्न विचारतो: मग मला नाही मिळाले तर? या प्रश्नाला उत्तर देण्यास संशोधक बांधला जातो. दुर्बोध भाषेचा खरा उपयोग हा प्रश्न न उठू देण्याकडे होतो, हेतू तसा असो वा नसो.

संमतीविषयीच्या नियमांनी गेल्या सव्वाशे वर्षांत मोठी मजल मारली आहे, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. भायखळ्याच्या कैद्याला आजच्या नियमांनुसार विशेष संरक्षण मिळाले असते, आणि मलकोवालच्या कुटुंबांना भरपाई. परंतु उंढेऱ्याच्या घरात लस न मिळालेल्या भावाला आजचे नियम काय देतील, याचे निश्चित उत्तर त्यांत सापडत नाही. नियमावलीच्या यापुढील आवृत्तीची परीक्षा या एका प्रश्नावर व्हावयास हवी.